मान डोलावणारा दुकानदार

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी दिगंबर हुपरीकर नावाचे निवृत्त अधिकारी राहत होते. त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात झाली. पारड्याखाली चिकटवलेले मेण, बूड ठोकून लहान केलेले तेलाचे माप, आतून पोखरून हलके केलेले वजन, असले सगळे प्रकार त्यांनी पकडले होते. त्यामुळे दुकानदार म्हणजे लबाड, आणि गोड बोलणारा दुकानदार म्हणजे जास्तच लबाड, असे त्यांचे मत पक्के झाले होते. निवृत्तीनंतरही ते भाजीवालीच्या चेहऱ्याकडे न पाहता तिच्या बोटांकडे पाहत. दुधाची पिशवी हातात घेतली की ती दाबून बघत. दुकानदारही त्यांना लांबूनच ओळखत.

त्यांच्या पत्नीचे नाव शरयूताई. दोघांना मूलबाळ नव्हते. एके दिवशी शरयूताईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांची देखभाल करायला कलाबाई नावाची बाई दिवसभर येऊ लागली. ती त्यांना पेज भरवी, वेणी घाली, हातापायांचे व्यायाम करून घेई. शरयूताईंनी नुसती भुवई हलवली तरी पाणी हवे की कूस बदलायची आहे, हे कलाबाईला कळे. हुपरीकरांना ते कळत नसे. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून औषधाच्या बाटल्यांवरच्या तारखा तपासत.

एकदा व्यायामाच्या दवाखान्यात बाहेर बसले असताना शरयूताईंची नजर तिथल्या फिश टँककडे गेली. त्यात लाल-पांढरे गोल्डफिश फिरत होते. त्या मान वळवून बघत राहिल्या. मग त्यांच्या लुळ्या हाताचे एक बोट किंचित उचलले गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले आणि हुपरीकरांना सांगितले की जमलं तर असा एखादा टँक घरी ठेवा, औषधाने होत नाही ते कधी कधी अशाने होते. हुपरीकरांनी त्याच आठवड्यात सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतला आणि त्यावर चांगला लांबरुंद काचेचा टँक आणून ठेवला. आता पाणी स्वच्छ ठेवणारा फिल्टर आणि मासे तेवढे आणायचे राहिले.

एसटी स्टँडमागे मगदूम नावाच्या माणसाचे माशांचे जुने दुकान होते. हुपरीकर तिथे गेले. मगदूम हसला नाही, या बसा म्हणाला नाही. टँक केवढा, मासे कोणते, किती, घरी पाणी कुठले, असे त्याने एकामागून एक विचारले. मग म्हणाला की गोल्डफिश फार घाण करतात, त्यांना लहान फिल्टर पुरत नाही. त्याने बाहेर ठेवायचा, बादलीएवढ्या डब्याचा फिल्टर दाखवला. दुकानातला तोच सगळ्यांत महाग होता.

हुपरीकरांनी मनातल्या मनात मान हलवली. त्यांनी सगळ्यांत स्वस्त फिल्टर उचलला आणि हा चालेल का, असे विचारले.

“मला विकायला चालेल,” मगदूम म्हणाला. “माशांना चालणार नाही.”

मग हुपरीकरांनी मासे मागितले. मगदूमने ते दिलेच नाहीत. आधी हा फिल्टर टँकवर महिना-दीड महिना नुसता चालवा, मी देतो ते औषध रोज थेंब थेंब घाला, मग या, तेव्हा दोनच मासे देईन, असे त्याने सांगितले. हुपरीकरांनी फिल्टरच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. बिघडला तर बदलून देण्याची मुदत महिन्याचीच होती. महिनाभर मासे घालायचे नाहीत, म्हणजे फिल्टरमधला दोष मासे मेल्यावर कळणार आणि तोवर मुदत संपलेली असणार. आपल्याला डाव कळला, असे त्यांना वाटले. ते काही न घेता बाहेर पडले.

बाजारपेठेत शेटे नावाच्या तरुणाने माशांचे नवे दुकान थाटले होते. तो गोड बोलला नाही. त्याने हुपरीकरांना आधी सगळे बोलू दिले. कुठे गेला होतात, त्याने काय दाखवले, काय सांगितले, हे सगळे विचारून घेतले. हुपरीकरांनी मुदतीचा डावही सांगून टाकला.

शेटेने सावकाश मान डोलावली. मग त्याने स्वतःच्याच धंद्याला नावे ठेवली. आमच्या लाइनीत निम्मे लोक असेच आहेत, म्हणाला. डब्याचा फिल्टर गळ्यात मारतात आणि रिकामा टँक चालवायला लावतात, गिऱ्हाईक कंटाळून गप्प बसते.

“तुमच्यासारख्या माणसाला फसवणं अवघड आहे, साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही बरोबर ओळखलंत.”

नोकरीत असताना एकाही दुकानदाराने हुपरीकरांना बरोबर म्हटले नव्हते. त्यांना बरे वाटले. त्या दिवशी त्यांनी शेटेच्या बोटांकडे पाहिले नाही. टँकच्या आत चिकटवायचा छोटा फिल्टर, पाणी स्वच्छ करणाऱ्या निळ्या औषधाची बाटली आणि पिशवीभर गोल्डफिश घेऊन ते रिक्षाने घरी आले.

कलाबाईने शरयूताईंची खुर्ची टँकसमोर नेली. मासे फिरू लागले तशी शरयूताईंची मान त्यांच्यामागे फिरू लागली. कलाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून कुठला मासा खादाड, कुठला भित्रा, हे सांगू लागली. शरयूताईंच्या तोंडाचा एक कोपरा हसला. हुपरीकर हे दारातून पाहत होते. झटका आल्यापासून त्या घरात असे काही घडले नव्हते.

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक आडवा झाला. त्यानंतर आणखी एक. पाणी मात्र काचेसारखे नितळ होते. निळे औषध काम करत होते, फिल्टर बुडबुडे सोडत होता. हुपरीकरांनी पाण्याचा वास घेतला, तळाची वाळू बोटांनी चाळली. पाणी स्वच्छ आहे, यंत्र चालू आहे, तरी मासे मरतात. म्हणजे कोणीतरी काहीतरी केले आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. घरात माणसे तीनच होती. त्यांतल्या एकीला हात उचलता येत नव्हता.

त्यांनी कलाबाईवर नजर ठेवायला सुरुवात केली. ती फरशी पुसायला फिनेल वापरते, हे त्यांच्या ध्यानात आले. तिचे फडके त्यांनी ती मोरीत असताना हुंगून पाहिले. काच कोणत्या कापडाने पुसलीस, असे त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखे विचारले. काच मी पुसतच नाही, बाईंबरोबर बघत बसते फक्त, असे ती म्हणाली. त्यांनी तोच प्रश्न दुपारी पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. नोकरीत ते असेच करत. कलाबाईचे उत्तर तेच होते, पण या वेळी ती त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कलाबाई आली तेव्हा टँकचे झाकण तारेने बांधलेले होते. तारेच्या टोकाला शिशाचे सील होते. खात्यातल्या मित्रांनी निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून दिलेली सील दाबायची पक्कड हुपरीकरांनी कपाटातून काढली होती. सकाळी माशांना खाऊ घालून ते स्वतः तार बांधत आणि सील दाबत.

कलाबाईने ते सील पाहिले. तिने शरयूताईंना पेज भरवली, तोंड पुसले, केस विंचरले. संध्याकाळी जाताना ती हुपरीकरांसमोर उभी राहिली.

“बाईंच्या पेजेच्या वाटीला तुम्ही कधी सील लावलं नाही, साहेब,” ती म्हणाली. “माशांना लावलं.”

मी तुझे नाव घेतलेले नाही, असे हुपरीकर म्हणाले. तिने घराची किल्ली मेजावर ठेवली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आली नाही.

हुपरीकरांनी हे आपल्याला पाहिजे तसे समजून घेतले. मनात खोट असल्याशिवाय माणूस असा जात नाही, असे ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी पेज केली आणि शरयूताईंना भरवायला बसले. शरयूताईंनी ओठ मिटून घेतले. त्यांनी चमचा पुढे केला की त्या मान दुसरीकडे वळवत. ते समजावून थकले. पेज वाटीतच निवली. मासे मेल्याचे दुःख झाले असेल, असे हुपरीकरांना वाटले. त्यांनी खुर्ची टँकसमोर नेली. शरयूताईंनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या सकाळी टँकमध्ये आणखी मासे मरून पडले होते. जेमतेम दोनच जिवंत उरले होते.

हुपरीकरांनी चष्मा लावून सील पाहिले. तार जशीच्या तशी होती. शिशावर त्यांच्याच पकडीचा ठसा होता. माणसावर त्यांनी क्वचितच विश्वास ठेवला असेल, पण शाबूत सीलवर त्यांनी आयुष्यभर ठेवला होता. सील शाबूत म्हणजे बाहेरून आत काही गेलेले नाही. कलाबाई तर घरातच नव्हती. मग मासे मारले कोणी, हा प्रश्न घेऊन ते शेटेकडे गेले.

शेटेने मासे मेल्याचे ऐकले आणि पूर्वीसारखीच सावकाश मान डोलावली. फिल्टरमध्ये काही दोष नाही, म्हणाला.

“घरात कामाला बाई आहे ना, साहेब?” त्याने विचारले. “फिनेलचे हात घालतात या बायका पाण्यात. तुम्हाला कळतसुद्धा नाही.”

हा हुपरीकरांचाच संशय होता. शब्दही जवळजवळ त्यांचेच होते. पण या माणसाने कलाबाईला कधी पाहिले नव्हते. तिचे नावही त्याला माहीत नव्हते. ज्याने काहीच पाहिलेले नाही तो इतक्या खात्रीने हेच कसे सांगतो, असे त्यांच्या मनात आले. पहिल्या दिवशी मुदतीच्या डावालाही त्याने अशीच मान डोलावली होती. तेव्हाही त्याने मगदूमचे खोके उघडून बघितले नव्हते. आपण दोन्ही वेळा आपलाच संशय याच्या तोंडून ऐकला आणि पहिल्या वेळी तर तो सल्ला म्हणून घरी नेला, हे हुपरीकरांच्या ध्यानात आले.

शेटे तोवर नवी बाटली आणि नवे मासे काढायला निघाला होता. हुपरीकरांनी त्याला थांबवले आणि एकच प्रश्न विचारला.

“तुमच्या दुकानातली कुठली वस्तू मी घेऊ नये?”

शेटे हसला. आपल्याकडे सगळा माल चांगलाच आहे, साहेब, तुम्हाला कुठलीही वस्तू डोळे मिटून घेता येईल, असे म्हणाला. हुपरीकर काहीही न घेता उठले.

त्यांनी घरून टँकमधले पाणी बाटलीत भरले, उरलेले दोन मासे बादलीत घेतले आणि एसटी स्टँडमागच्या मगदूमकडे गेले. नमस्कार वगैरे न करता त्यांनी तोच प्रश्न त्यालाही विचारला. मगदूमने दुकानभर नजर फिरवली. तो छोटा फिल्टर घेऊ नका, म्हणाला. ते निळे औषध घेऊ नका, त्याने पाणी नितळ दिसते पण आतले विष जात नाही. तो रंगीत किल्ला घेऊ नका, त्याचा रंग सुटतो. आणि मासे तर आज अजिबात घेऊ नका.

मग त्याने बाटलीतले थोडे पाणी काचेच्या नळीत घेतले आणि त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहिले तर पाणी ठीक, हिरवे झाले तर विषारी, असे त्याने आधीच सांगितले. पाणी हिरवेगार झाले.

हुपरीकरांचा संशय तरीही गेला नाही. थेंब तुझे, नळी तुझी, रंगही तूच सांगणार, असे ते म्हणाले. हीच परीक्षा तुझ्या दुकानातल्या पाण्याची करून दाखव. कुठल्या टँकचे पाणी घ्यायचे ते मी सांगेन.

“सांगा,” मगदूम म्हणाला. “तपासलंच पाहिजे.”

हुपरीकरांनी मागच्या कोपऱ्यातला, सगळ्यांत गढूळ दिसणारा टँक दाखवला. त्या पाण्यात थेंब टाकले. ते पिवळेच राहिले.

तेव्हा मगदूमने स्टूल ओढले आणि पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट सांगितली. मासे ज्या पाण्यात खातात त्याच पाण्यात घाण करतात, म्हणाला. ते विष डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमधल्या स्पंजात बारीक जिवाणू वस्तीला येतात आणि ते विष खाऊन टाकतात. मी द्यायचे म्हणालो होतो ते थेंब म्हणजे त्यांचे खाद्य. वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून आधी रिकामा टँक चालवायचा. गोल्डफिशची घाण जास्त, म्हणून वस्तीलाही जागा जास्त लागते, म्हणून फिल्टर मोठा. तुम्ही त्या दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि मीही न विचारता सांगायला पाहिजे होतं. माझं तोंड असं आहे, गिऱ्हाईक निम्मं तिथंच परत जातं.

“पण मोठ्या फिल्टरमध्ये तुला नफा जास्त आहे,” हुपरीकर म्हणाले.

“आहे की. दुकान नफ्यासाठीच टाकलंय,” मगदूम म्हणाला. “नफा आहे म्हणून सल्ला खोटा होत नाही, साहेब. आणि नफा नाही म्हणून खराही होत नाही.”

हुपरीकरांनी डब्याचा फिल्टर आणि रोज घालायच्या थेंबांची बाटली घेतली. मगदूमने आपल्या चालू टँकमधल्या मळक्या स्पंजाचा एक तुकडा कापून त्यात घातला आणि हा नळाच्या पाण्याने धुवायचा नाही, असे बजावले. दोन्ही आजारी मासे त्याने आपल्याकडे ठेवून घेतले, पण जगतील असे आश्वासन दिले नाही. त्यांतला एक दुसऱ्या दिवशी गेला. एक जगला.

टँकचे हे असे मार्गी लागले. पण घरी शरयूताई खात नव्हत्या आणि हुपरीकरांना आता दुसरा उपाय सुचत नव्हता. त्यांनी शेजारणीला शरयूताईंजवळ बसवले आणि ते नदीकडच्या आळीत कलाबाईच्या दारात गेले. कलाबाई धान्य निवडत होती. ती उठली, पण तिने त्यांना आत बोलावले नाही.

हुपरीकरांनी नोकरीत शेकडो लोकांना त्यांच्या दारात जाऊन दोषी ठरवले होते. दारात उभे राहून स्वतःचा दोष सांगायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी आधी फिल्टरचे सांगितले, मग हिरव्या पाण्याचे, मग जिवाणूंचे. कलाबाई ऐकत राहिली.

“म्हणजे मी मारले नाहीत, हे पाण्यानं सांगितल्यावर तुम्ही आलात,” ती म्हणाली.

हुपरीकर म्हणाले, “हो. आणि मी तुझ्यावर संशय घेतला तो काहीही न तपासता घेतला. मासे मरत होते म्हणून कुणीतरी हवं होतं. माझी चूक झाली.” मग हळू आवाजात त्यांनी सांगितले की शरयू तिकडे जेवत नाही.

कलाबाईने हातातले सूप खाली ठेवले. मी बाईंसाठी येते, म्हणाली, तुमच्यासाठी नाही. त्या घरात पुन्हा मला कुणी प्रश्न फिरवून विचारला तर त्याच पावली परत फिरेन. हुपरीकरांनी ते मान्य केले.

ती आली तेव्हा टँकमध्ये एकही मासा नव्हता. नुसते पाणी संथपणे फिरत होते. शरयूताई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. कलाबाईने चपला काढल्याचा आवाज झाला तसे त्यांनी डोळे उघडले. त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला. ओठ हलले, आधी नुसता श्वास आला, मग घोगरा, तुटका, पण स्पष्ट शब्द आला.

“कला.”

हुपरीकर उंबऱ्यातच थांबले. मासे गेले म्हणून ही जेवत नाही, असे ते इतके दिवस समजत होते. त्यांनी टँकवर पहारा केला, पाण्याला सील लावले, आणि बायकोचे ज्याच्यावर सगळे चालले होते ते माणूस स्वतःच्या हाताने घराबाहेर घालवले. ते स्वयंपाकघरात गेले आणि पेज गरम करून त्यांनी वाटी कलाबाईच्या हातात दिली.

पुढचे दिवस त्यांना जड गेले. रिकाम्या टँकसमोर बसून मगदूमने आपल्याला फसवले तर नाही ना, असे त्यांना अधूनमधून वाटेच. बदलून देण्याची मुदत संपली त्या दिवशी तर ते दोनदा डब्याला कान लावून आले. पण आता ते मनातल्या संशयाला तिथेच ठेवून पाणी बाटलीत भरत आणि तपासून आणत. आधी ते पाणी गडद हिरवे होत होते. मग फिकट झाले. एके दिवशी पिवळे राहिले. मगदूमने दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायला सांगितले. पुन्हा पिवळे राहिले, तेव्हाच त्याने जगलेला मासा आणि त्याला एक सोबती दिला.

कलाबाईने खुर्ची टँकसमोर नेली. तिघे बसले. कुठला खादाड आणि कुठला भित्रा, हे कलाबाई सांगू लागली. हुपरीकर पहिल्यांदाच मासे न मोजता त्यांच्याकडे बघत राहिले.

तात्पर्य: संशय घ्यायचा तो तपासण्यासाठी घ्यावा, शिक्षा करण्यासाठी नव्हे, आणि जो न बघता आपल्या संशयाला मान डोलावतो, त्याला सगळ्यांच्या आधी तपासावे.